पाळ्यांच्या नोकरीत रोजची प्रार्थना कशी टिकवावी

फोंड्यात राहणाऱ्या आणि एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या मूळच्या सावंतवाडीकडच्या कॅथलिक कुटुंबातील असून लग्नानंतर गोव्यात आल्या. दर वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, त्या पहाटे साडेचारला उठून तासभर प्रार्थना करण्याचा निश्चय करतात. रात्रपाळी लागेपर्यंत तो टिकतो, मग एक दिवस चुकतो, त्याची खंत वाटते, त्या खंतीपायी दुसरा दिवसही जातो आणि गुड फ्रायडे येईपर्यंत निश्चयातले काहीच उरलेले नसते. प्रार्थनेला बसले तरी मन वॉर्डात फिरत राहते, स्वतःचे शब्द तेच तेच होतात आणि पाठ असलेल्या प्रार्थना म्हणाव्यात तर त्या यांत्रिक वाटतात. सासूबाई रोज संध्याकाळी कोकणीतून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, पती मात्र प्रार्थनेला फारसे बसत नाहीत. ‘माझ्यात भक्तीच कमी आहे का?’ असे त्यांनी शेवटी विचारले आहे.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जिचा निश्चय दर वर्षी मोडतो आणि तरीही जी दर वर्षी नव्याने निश्चय करते, तिच्या भक्तीविषयी मला शंका घ्यावीशी वाटत नाही. तुमची अडचण मोजमापाची आहे. गोव्यात स्थायिक झालेल्या मराठी भाषक ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रार्थनागटांबरोबर मी बरीच वर्षे काम करीत आलो आहे. त्यांत सिंधुदुर्गातून आलेले कॅथलिक आहेत, तशीच नगर, मिरज आणि कोल्हापूरकडची प्रॉटेस्टंट कुटुंबेही आहेत. वेर्ण्याच्या कारखान्यांत पाळ्यांवर जाणारे, वास्कोला बंदरावर काम करणारे, शिक्षिका, परिचारिका, गृहिणी अशी सर्व प्रकारची माणसे त्यांत येतात. या सर्वांच्या अनुभवातून मला एक गोष्ट पक्की दिसत आली आहे. ज्यांची प्रार्थना टिकली त्यांनी ती आपल्या सर्वांत वाईट दिवसाच्या मापाने बेतली होती, आणि ज्यांची मोडली त्यांनी ती सर्वांत चांगल्या दिवसाच्या मापाने बेतली होती.

तुमचा सर्वांत वाईट दिवस कोणता, हे तुम्हीच जाणता. सलग तिसरी रात्रपाळी, वॉर्डात एखादा रुग्ण दगावलेला, सकाळचे हँडओव्हर लांबलेले आणि घरी पोहोचावे तो मुलांच्या शाळेची गडबड सुरू झालेली. अशा दिवशी तुमच्या हातून जेवढी प्रार्थना नक्की होईल तेवढीच सध्या तुमची रोजची प्रार्थना असे ठरवा, आणि त्याहून अधिक काहीही स्वतःवर लादू नका. माझ्या अंदाजाने ती तीन ते चार मिनिटांची असेल. क्रूसाची खूण करावी, प्रभूची प्रार्थना (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) सावकाश म्हणावी, बायबलच्या स्तोत्रसंहितेतील एक छोटे स्तोत्र किंवा मोठ्या स्तोत्रातील चार वचने वाचावीत, ज्यांच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटते अशा एकाच व्यक्तीचे नाव देवापुढे घ्यावे आणि उठण्यापूर्वी थोडा वेळ काहीही न बोलता बसावे. हा क्रम कागदावर लिहून ठेवा. दमलेल्या माणसाला ‘आज काय करावे’ हा निर्णय घ्यायला लावला की प्रार्थना तिथेच थांबते, म्हणून तो निर्णय आधीच झालेला असावा.

एवढ्याने काय होणार, असे तुमच्या मनात येईल. तासाभराचा संकल्प करणाऱ्याला चार मिनिटे लाजिरवाणी वाटतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. परंतु ख्रिस्ती परंपरेने थोडक्या प्रार्थनेला कधीच कमी लेखलेले नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात प्रार्थना लहान आणि शुद्ध असावी असे स्पष्ट म्हटले आहे, आणि हे त्यांनी ज्यांचे सारे आयुष्यच प्रार्थनेला वाहिलेले होते अशा माणसांना सांगितले आहे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे डिडाखे नावाचे जे लेखन उपलब्ध आहे, त्यात विश्वासणाऱ्यांनी प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी एवढाच नियम घालून दिलेला आहे. मंदिरात दूर उभे राहून ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हणणारा जकातदार नीतिमान ठरून घरी गेला, असे प्रभूने स्वतः सांगितले. शिवाय, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू आपल्याला पुष्कळ बोलण्यापासून सावध करतो ते याच कारणासाठी, की आपल्याला कशाची गरज आहे हे पित्याला आपण मागण्यापूर्वीच ठाऊक असते.

आता वेळेविषयी. तुमच्या प्रश्नातली खरी मेख इथेच आहे, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो. पहाटे साडेचारची वेळ ज्यांचा दिवस रोज एकाच तासाला सुरू होतो त्यांना लाभते. पाळ्यांवर काम करणाऱ्यांनी प्रार्थना घड्याळाला बांधू नये, रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या कृतीला बांधावी. तुमची पाळी सकाळची असो, दुपारची असो वा रात्रीची, काही गोष्टी चुकत नाहीत: झोपून उठल्यावरचा पहिला चहा, गणवेश चढवणे, घरी परतल्यावर हातपाय धुणे, अंथरुणावर पाठ टेकणे. यांपैकी एक निवडा आणि प्रार्थना तिच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर ठेवा. माझा कल उठल्यानंतरच्या पहिल्या चहाकडे आहे, कारण तेव्हा घराने तुमच्यावर अजून हक्क सांगितलेला नसतो आणि डोळ्यांवरची झोपही उतरू लागलेली असते. रात्रपाळीनंतर तुम्ही दुपारी दोनला उठलात तर तीच तुमची सकाळ समजावी. देवाच्या दृष्टीने पहाट किती वाजता होते याची चिंता करण्याचे कारण नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, पेत्र भर दुपारी घराच्या गच्चीवर प्रार्थनेला गेला, आणि आपला प्रभू कधी पहाटेच्या अंधारात एकांत शोधत असे, तर कधी सारी रात्र डोंगरावर प्रार्थनेत घालवीत असे.

सवयीच्या अभ्यासकांचा अनुभवही याच बाजूचा आहे. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ स्वयंसेवकांवर केलेला आणि २०१० साली छापला गेलेला एक अभ्यास यासाठी मला महत्त्वाचा वाटतो. प्रत्येकाने एक साधी नवी कृती रोज एकाच प्रसंगाशी, जसे न्याहारीशी, जोडून घेतली होती. ती कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, परंतु माणसामाणसांत १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्वत्र सांगितले जाते, त्यावर विसंबून बावीसाव्या दिवशी निराश होणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्यासाठी अधिक मोलाची आहे: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रमात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. प्रार्थना ही केवळ सवय नव्हे, ती कृपा आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु कृपा आपल्या शरीराला आणि मनाला सोडून काम करीत नाही, आणि रोज एकाच जागी गुडघे टेकण्याची जडलेली सवय हीदेखील देवाने दिलेली मदतच आहे.

कामावर असताना वेगळी प्रार्थना लावून घेण्याची घाई करू नका. तरीही एक गोष्ट सुचवतो, कारण ती तुमच्या पेशातच आहे. साबण-पाण्याने नीट हात धुवायला जागतिक आरोग्य संघटनेने ४० ते ६० सेकंद सांगितले आहेत, आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून ‘आमेन’पर्यंतची प्रार्थना मनातल्या मनात सावकाश म्हटली तर साधारण अर्धा मिनिट लागते. बेसिनपाशी उभे राहून, बोटांच्या पेरांमधून फेस फिरवताना, ज्या रुग्णाकडून आलात आणि ज्याच्याकडे निघालात त्या दोघांसाठी ती प्रार्थना म्हणता येते. एका परिचारिकेने ही रीत लावून घेतली, तेव्हा ‘आज आम्हाला आमची रोजची भाकरी दे’ हे शब्द नळीवाटे अन्न घेणाऱ्या रुग्णासाठी म्हणताना आपल्याला प्रथमच कळले, असे तिने गटात सांगितले होते. मात्र पाण्याखाली हात असतानाच हाक आली, तर प्रार्थना अर्ध्यावर सोडून धावावे. सतराव्या शतकात संत व्हिन्सेंट दे पॉल यांनी रुग्णसेवा करणाऱ्या भगिनींना नेमके हेच शिकवले होते. प्रार्थनेच्या वेळी एखाद्या गरिबाला औषध न्यायचे झाले तर निश्चिंत मनाने उठून जावे, कारण ते देवासाठी देवालाच सोडणे आहे. बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतही कामावर दूर असलेल्यांनी जिथे असतील तिथेच ठरलेली प्रार्थना करावी अशी सोय आहे.

रात्रपाळीसाठी १३४ वे स्तोत्र पाठ करा. ते अवघे तीन वचनांचे आहे आणि रात्रीच्या समयी परमेश्वराच्या घरात उभे राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहे. चर्चच्या निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ते पूर्वापार म्हटले जाते. पहाटे तीनच्या सुमारास, वॉर्ड शांत असताना आणि डोळे मिटू लागले असताना, आपल्यासारखेच कोणीतरी रात्रभर उभे आहे आणि त्यांनाही आशीर्वाद सांगितलेला आहे, ही जाणीव मोठा आधार देते.

जागेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तुमच्या घरात आल्तार, म्हणजे देवाची वेदी, असेलच, त्याच्यासमोरची एक खुर्ची तुमची. तिथे वर्दळ असेल तर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसावे. संत तेरेजा आव्हिलाकर तर भांड्याकुंड्यांमध्येही प्रभू वावरतो असे लिहून गेल्या आहेत. पवित्र शास्त्र, चष्मा आणि तो क्रम लिहिलेला कागद कायम तिथेच ठेवावा. मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. पवित्र शास्त्र मोबाईलवर वाचण्याची सोय उत्तम आहे, पण तुमच्या बाबतीत त्याच पडद्यावर ड्युटी बदलल्याचे निरोप येतात, त्यामुळे छापील प्रत घेतलेली बरी.

आता पाठ असलेल्या प्रार्थना यांत्रिक वाटण्याविषयी. आजच्या ख्रिस्ती माणसाच्या मनात, विशेषतः प्रॉटेस्टंट मित्रांच्या सहवासात वाढलेल्यांच्या मनात, उत्स्फूर्त शब्दांतली प्रार्थनाच काय ती खरी आणि ठरीव शब्दांची ती कोरडी, असा एक समज रुजलेला असतो. त्या उत्स्फूर्त प्रार्थनेचा मला आदर आहे, आणि ती मी स्वतः रोज करतो. परंतु माणूस थकला, घाबरला किंवा दुःखात असला की त्याचे स्वतःचे शब्द लवकर संपतात. अशा वेळी ठरीव शब्द त्याला उभे करतात. प्रभूने क्रूसावर स्तोत्रांतलेच शब्द उच्चारले. शिष्यांनी प्रार्थना करायला शिकव म्हणून विनवले तेव्हा त्याने त्यांना पाठ करता येईल अशी प्रार्थना दिली. म्हणून माझा सल्ला असा, की सुरुवात ठरीव शब्दांनी करावी आणि आपले शब्द आले तर त्यांना जागा द्यावी; आले नाहीत तर त्याचा विषाद मानू नये. शब्द यांत्रिक होऊ लागले आहेत असे वाटेल तेव्हा वेग निम्मा करावा. प्रभूच्या प्रार्थनेतली एकच विनंती घेऊन तिच्यावर थांबावे, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ एवढेच म्हणून त्या दिवशीच्या एखाद्या कठीण गोष्टीचे नाव घ्यावे, आणि मगच पुढे जावे.

स्तोत्रसंहिता यासाठी सर्वांत मोठी ठेव आहे. तिच्यात १५० स्तोत्रे आहेत. रोज पाच वाचली तर महिन्यात संपतात, आणि अँग्लिकन प्रार्थनाग्रंथात ती तीस दिवसांत वाटून दिलेली आहेत. पण तुम्ही सध्या तो मार्ग धरू नका. चौथे, तेरावे, तेविसावे, एकशे एकविसावे, एकशे एकतिसावे आणि एकशे चौतिसावे अशी सहाच स्तोत्रे घ्या आणि तीच फिरवून फिरवून म्हणा. तेराव्यात ‘किती वेळ’ हा आक्रोश वारंवार येतो. रुग्णाच्या नातेवाइकांची तगमग रोज पाहणाऱ्या व्यक्तीला तो परका वाटणार नाही. एकशे एकतिसाव्यात आईजवळ निवांत असलेल्या, दूध तुटलेल्या बाळाचे चित्र आहे. ही सहा स्तोत्रे तोंडपाठ झाली की पुस्तक जवळ नसतानाही तुम्ही रिकाम्या राहणार नाही. त्यानंतर शास्त्रवाचन जोडायचे असेल तर मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. ते सर्वांत लहान आहे, आणि रोज दहा वचने वाचली तर सुमारे सव्वादोन महिन्यांत पूर्ण होते.

भाषेविषयी तुम्ही स्वतःहून विचारलेले नाही, पण गोव्यात आलेल्या मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या मनात हा प्रश्न असतोच, म्हणून लिहितो. तुमच्या चर्चमधला मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, कोकणीत होतो, घरची तेर्स कोकणीत होते, आणि आईने तुम्हाला क्रूसाची खूण शिकवली ती मराठीत. दोन्ही ठिकाणी तुम्ही आपल्याच घरी आहात. एकांतातली प्रार्थना ज्या भाषेत तुम्ही लहानपणी पहिल्यांदा देवाला हाक मारली त्याच भाषेत करावी, कारण दमलेल्या मनाला तीच वाट सापडते. त्यात इथल्या चर्चशी काही दुरावा नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, त्यांनी साष्टीत दीर्घ काळ धर्मसेवा केली, आणि १६१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे. ते मोठ्याने म्हणण्यासाठी, घोळक्याने बसून ऐकण्यासाठी रचलेले होते. या भूमीवर मराठीतून प्रभूचे नाव घेणे चारशे वर्षांहून जुने आहे. तुम्हीही एकट्या असाल तेव्हा स्तोत्र ओठांतल्या ओठांत न म्हणता ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणून पाहा. आवाज काढून म्हटल्याने मन पुष्कळच जागेवर राहते, विशेषतः झोप येत असताना.

सासूबाईंच्या तेर्साला मात्र घरी असाल तेव्हा जरूर बसावे. दहा-दहा मण्यांच्या पाच भागांच्या जपमाळेला वीसएक मिनिटे लागतात, आणि त्या वीस मिनिटांत तुम्हाला काही नवे सुचण्याची, काही विशेष अनुभवण्याची आवश्यकता नसते. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या आधाराने बसले तरी पुरते. गोव्यातल्या घरांतून संध्याकाळच्या आंजेलुसच्या, म्हणजे मारियेच्या प्रार्थनेच्या, घंटेला हातातले काम थांबवून प्रार्थना म्हणण्याची आणि मग धाकट्यांनी थोरांचे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, घेण्याची जी रीत आहे, ती प्रार्थनेची सवय लावण्याच्या दृष्टीने मला फार शहाणपणाची वाटते. घंटा सर्वांसाठी एकदमच वाजते, कोणी कोणाला आग्रह करावा लागत नाही, आणि सारे दोन-तीन मिनिटांत पूर्ण होते. तुमच्या मुलांना ती रीत लावायची असेल तर दुसरे काही न शिकवता एवढेच करावे. घंटा ऐकू येत नसेल तर सासूबाईंची दिवा लावण्याची वेळ हीच घंटा मानावी.

मन वॉर्डात फिरते, ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाची आहे. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, जो १९९२ साली प्रसिद्ध झाला, याविषयी फार उपयोगी सूचना आहे. विचलित करणाऱ्या विचारांच्या मागे लागून त्यांना हाकलू पाहणे म्हणजे त्यांच्याच जाळ्यात सापडणे होय. आपल्या अंतःकरणाकडे परत वळणे एवढेच करायचे असते, आणि मन कुठे गेले होते यावरून ते कशात गुंतले आहे हे मात्र आपल्याला कळते. तुमचे मन सात नंबरच्या खाटेकडे गेले तर तो व्यत्यय समजू नका. त्या रुग्णाचे नाव घ्या, ‘प्रभू, याला सांभाळ’ म्हणा आणि स्तोत्राच्या ओळीवर परत या. पुन्हा गेले तर पुन्हा या. प्रार्थनेचा सारा वेळ परत येण्यातच गेला, असे एखाद्या दिवशी होईल. लहान मूल चालायला शिकताना जसे पडते आणि आईकडेच पाहत पुन्हा उठते, तसे ते आहे, आणि आई त्या पडण्याची मोजदाद ठेवीत नाही. जी कामे मनात घोळतात, जसे औषधाची चिठ्ठी किंवा शाळेची फी, त्यांच्यासाठी शेजारी वही ठेवावी. काम लिहून टाकले की ते मनातून उतरते.

भावनेच्या कोरडेपणाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण चांगली माणसे इथे प्रार्थना सोडतात. सुरुवातीचे काही आठवडे गोडी वाटते, मग एक दिवस काहीच वाटेनासे होते, आणि माणूस समजतो की देव दूर गेला किंवा आपलीच काही चूक झाली. आव्हिलाच्या तेरेजा प्रार्थनेच्या गुरू मानल्या जातात. त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की काही वर्षे आपले लक्ष प्रार्थनेत राहण्यापेक्षा तास कधी संपतो आणि घड्याळाचा ठोका कधी पडतो याकडेच अधिक असे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी अशा काळासाठी एक नियम सांगितला आहे, तो मी प्रत्येक गटात सांगतो: मन उदास आणि कोरडे असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, ठरलेल्यात काटछाट करू नये, उलट ठरलेल्या वेळेपेक्षा किंचित अधिक थांबावे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की तीन मिनिटांची प्रार्थना नकोशी झाली त्या दिवशी चौथ्या मिनिटापर्यंत बसावे, आणि प्रार्थना सोडावी की ठेवावी हा विचार त्या दिवशी मुळीच करू नये. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने लिहिले आहे की आपल्याला योग्य प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो. हे वचन मी फार गंभीरपणे घेतो. कोरड्या दिवशी केलेली प्रार्थनाही पित्यापर्यंत पूर्णपणे पोहोचते.

इथे एक इशारा मात्र द्यायला हवा, आणि तुम्ही आरोग्यसेवेत असल्याने तो तुम्हाला लवकर पटेल. कोरडेपणाबरोबर झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच रस वाटत नसेल आणि हे काही आठवडे चालले असेल, तर तो केवळ आध्यात्मिक प्रश्न समजून प्रार्थनेचे तास वाढवू नका. डॉक्टरांना भेटा. एलिया झुडपाखाली बसून मरण मागू लागला तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर खायला उठवले आणि खाऊन तो पुन्हा झोपला, हे बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. सलग रात्रपाळ्यांनंतर तुमच्या हातून प्रार्थनेपेक्षा झोपेचीच अधिक हेळसांड होत असेल, तर आधी झोप सावरा.

दिवस चुकला तर काय करावे, हे चुकण्यापूर्वीच ठरवून ठेवावे, कारण चुकल्यानंतर खंत विचार करू देत नाही. माझा नियम साधा आहे. चुकलेली प्रार्थना भरून काढायची नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट करायची नाही, स्वतःला दंड लावायचा नाही, वहीत चुकलेल्या दिवसांची फुली मारायची नाही. लक्षात येईल त्या क्षणी, मग ती बसमधली जागा का असेना, ‘प्रभू, मी आले’ एवढे म्हणायचे आणि पुढच्या ठरलेल्या वेळी नेहमीच्याच चार मिनिटांना बसायचे. तुमच्या राखेच्या बुधवारच्या निश्चयाचा घात एका चुकलेल्या पहाटेने केला नव्हता. त्या पहाटेनंतर स्वतःशी जे बोलणे झाले त्याने केला. पाप घडले असेल तर त्यासाठी पापनिवेदनाचा संस्कार आहे, पण रात्रभर रुग्णांजवळ उभे राहून आल्यावर झोप लागली, याला पाप म्हणू नका. लिझ्यूच्या संत तेरेजा प्रार्थनेत डुलक्या घेत, आणि मुले झोपलेली असली तरी आईवडिलांना तितकीच प्रिय असतात असे म्हणून त्यांनी त्याची चिंता सोडून दिली होती.

वाढ कधी करावी, हा पुढचा प्रश्न. निदान दोन महिने काहीही वाढवू नये, उत्साह आला तरी वाढवू नये. उत्साहाच्या दिवशी अधिक वेळ बसावेसे वाटले तर अवश्य बसावे, पण त्याचा नियम करू नये. त्यानंतर वाढवायचेच झाले तर मी सकाळची प्रार्थना लांबवण्याऐवजी निजण्यापूर्वी एक छोटी प्रार्थना जोडायला सांगतो. तीही इग्नेशियस यांच्याच पद्धतीची असावी: दिवसाबद्दल आभार मानावे, प्रकाश मागावा, उठल्यापासूनचे प्रसंग एकेक डोळ्यांसमोरून जाऊ द्यावे, जिथे चुकले तिथे क्षमा मागावी आणि उद्यासाठी साहाय्य मागावे. पाठ टेकल्यावर हे पाच मिनिटांत होते. सुट्टीच्या दिवशी, तोही महिन्यातून एखादा, अर्धा-पाऊण तास चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे तिथे ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर, शांत बसता आले तर उत्तम; जुन्या गोव्याला बॉम जेझुसमध्ये पर्यटकांची वर्दळ फार असते, त्यापेक्षा पिलारच्या टेकडीवर, जिथे पूजनीय आग्नेलो दे सौझा यांची समाधी आहे, तिथे मन लवकर निवते. रविवारचा मिस्सा या कशाच्याही हिशेबात धरू नका. तो पाया आहे, आणि पाळीमुळे रविवारी जमणार नसेल तर शनिवारच्या संध्याकाळचा मिस्सा बघावा.

पतींविषयी तुम्ही लिहिले आहे ते वाचून एवढेच सांगावेसे वाटते, की त्यांना बसवण्याचा प्रयत्न सध्या करू नका. प्रार्थनेला बसताना त्यांना सांगून बसा, आणि एखाद्या दिवशी ‘आज तुमच्यासाठी काय मागू?’ असे विचारा. माझ्या माहितीतल्या कितीतरी घरांत पुरुष माणूस पहिल्यांदा प्रार्थनेजवळ आला तो या प्रश्नाचे उत्तर देताना. उत्तर मिळाले नाही तरी त्यांचे नाव घ्या.

आणि सुरुवातीसाठी पुढच्या राखेच्या बुधवारची वाट पाहू नका. तुमच्या ड्युटीच्या तक्त्यात पुढची रात्रपाळी ज्या दिवशी आहे त्याच दिवसापासून सुरू करा, म्हणजे अवघड आठवड्यातच प्रार्थनेचे माप ठरेल. पहिले चार आठवडे झाले की तक्ता आणि तुमचा क्रम दोन्ही घेऊन आपल्या धर्मग्रामातील फादरांशी किंवा प्रार्थनेत मुरलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीशी एकदा बोलून घ्या. सासूबाईंनाही विचारता येईल. इतकी वर्षे रोज तेर्स चालवणाऱ्या व्यक्तीजवळ यातले पुष्कळ ज्ञान असते, आणि ते त्यांना क्वचितच कोणी विचारलेले असते.